तीन औषधं झाली तरी फिट थांबत नाहीत: योग्य औषध ठरतं कसं?

प्रश्न: मुलगी 19 वर्षांची आहे. नववीत असताना पहिली फिट आली. आधी ऑक्सकार्बाझेपिन दिलं. फिट थांबल्या नाहीतच, उलट सकाळी हातातून कप, कंगवा निसटायला लागला. मग लेव्हेटिरासेटाम सुरू केलं. मोठ्या फिट वर्षाला दोन-तीनवर आल्या, पण मुलगी फार चिडचिडी झाली, कारण नसताना रडते. गेल्या गणपतीत जागरण झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोठी फिट आली. आता एक डॉक्टर व्हॅल्प्रोएट सुरू करा म्हणतात, तर दुसरे म्हणतात की मुलींना ते देऊच नये. एमआरआय नॉर्मल आहे. हिचं योग्य औषध कधी सापडणार? आणि पुढे लग्नाचं काय करायचं?

उत्तर:

ताई, तुमच्या प्रश्नात औषधांची तीन नावं आहेत, पण मला त्यांच्यापेक्षा एक वाक्य जास्त महत्त्वाचं वाटलं: सकाळी हातातून कप निसटतो. मी मुलीला तपासलेलं नाही, त्यामुळे निदान करणं माझ्याकडून योग्य होणार नाही. पण शाळेच्या वयात सुरुवात, उठल्यावर तासाभरात हाताला बसणारे झटके, जागरणानंतर मोठी फिट आणि नॉर्मल एमआरआय, हे सगळं एकत्र आलं की न्यूरॉलॉजिस्टच्या मनात पहिलं नाव येतं ते जुवेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सीचं, म्हणजे किशोरवयात सुरू होणाऱ्या, हातांना झटके बसणाऱ्या फिटच्या आजाराचं. डीटर यान्झ या जर्मन डॉक्टरांनी 1957 मध्ये या आजाराचं नेमकं वर्णन केलं होतं. तो दुर्मीळ नाही, पण ओळखायचा राहून जातो. मुलं ‘झटके’ हा शब्द वापरत नाहीत. ती म्हणतात, हात सटकला, ब्रश उडाला. घरचे म्हणतात, धांदरट आहे. डॉक्टरांनी मुद्दाम विचारल्याशिवाय ही गोष्ट केसपेपरवर येत नाही.

ही गोष्ट कागदावर आली की पहिल्या औषधाचा हिशेबच बदलतो. फिटची औषधं कमी ताकदीची आणि जास्त ताकदीची अशी चढत्या क्रमाने लावलेली नसतात. कोणतं औषध चालेल ते फिट मेंदूत कुठून आणि कशी सुरू होते यावर ठरतं. ढोबळमानाने दोन गट आहेत. एका गटात फिट मेंदूच्या एका भागातून निघते, तिला फोकल म्हणतात. दुसऱ्यात सुरुवातीपासूनच मेंदूच्या दोन्ही बाजू सामील असतात, ती जनरलाइज्ड. ऑक्सकार्बाझेपिन, कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन ही फोकल फिटसाठी चांगली औषधं आहेत. जुवेनाइल मायोक्लोनिकमध्ये मात्र ती हातांचे झटके वाढवू शकतात. तुम्ही ‘उलट’ हा शब्द लिहिलात तो म्हणूनच मला खटकला. माझा अंदाज बरोबर असेल, तर त्या औषधाला ‘निकामी ठरलेलं पहिलं औषध’ म्हणता येणार नाही. ते या प्रकारच्या आजारासाठी नव्हतंच.

हे मोजणं एवढं महत्त्वाचं का? ग्लासगोमधल्या क्वान आणि ब्रॉडी यांनी 2000 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आधी कधीच औषध न घेतलेल्या 470 रुग्णांपैकी 47 टक्के पहिल्याच औषधावर फिटमुक्त झाले, आणखी 13 टक्के दुसऱ्यावर. त्यापुढे मिळणारं यश फार थोडं होतं. त्यामुळे नीट निवडलेली, पुरेशा डोसमध्ये दिलेली आणि सहन झालेली दोन औषधं देऊनही फिट थांबल्या नाहीत, तर त्या आजाराला ‘औषधाला दाद न देणारा’ म्हणायचं, असं जगभर मानलं जातं. तुमच्या मनात आता ‘तीन औषधं झाली’ ही भीती बसली आहे. पण पहिलं औषध प्रकाराला जुळणारं नव्हतं, दुसरं थोडं लागू पडलं पण झेपलं नाही, आणि तिसरं अजून सुरूच झालेलं नाही. या मोजमापात ती कुठेच हरलेली नाही. हे तिलाही सांगा. घरात ‘औषधं लागू पडत नाहीत’ असं सतत बोललं गेलं की मुलं गोळ्या घेणं हळूहळू सोडून देतात.

आता लेव्हेटिरासेटाम. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ते एवढं वापरलं जाऊ लागलं याला कारणं आहेत. दोन्ही गटांच्या फिटमध्ये चालतं, लवकर पूर्ण डोसला नेता येतं, इतर औषधांशी फारसं भांडत नाही, यकृतावर भार टाकत नाही आणि गर्भारपणातही तुलनेने सुरक्षित आहे. याची मोठी तक्रार तुम्ही लिहिलीत तीच: चिडचिड, रडू, राग, कधी खोल निराशा. मुलगी हट्टी झाली किंवा वयच तसं आहे, असं समजून हे सोडून देऊ नका. तिला एकटीला जवळ घेऊन सरळ विचारा, जगू नये असं वाटतं का. असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट आत दाबलेलं बाहेर येतं. उत्तर ‘हो’ आलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. तिला एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. रात्री-अपरात्री बोलायला टेलि-मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे. मात्र गोळी आपल्या मनाने अचानक बंद करू नका. अचानक थांबवलेल्या औषधामुळे एकामागून एक फिट येऊ शकतात आणि त्या जिवावर बेततात.

चिडचिड हे औषध सोडण्याचं पूर्णपणे योग्य कारण आहे. रुग्णांना वाटतं की फिट कमी झाल्यात ना, मग बाकीचं सोसायला हवं. मला हे पटत नाही. जे औषध घेऊन मुलगी कॉलेजात कोणाशी धड बोलू शकत नाही, ते तिच्यासाठी योग्य औषध नाही. डॉक्टरांपुढे पर्याय असतात. डोस कमी करून सोबत दुसरं औषध जोडता येतं. ब्रिव्हारासेटाम हे याच कुळातलं औषध आहे, आणि काही रुग्णांना त्यावर मनाचा त्रास कमी होतो. पण जनरलाइज्ड फिटमधला त्याचा अनुभव अजून कमी आहे, तेव्हा त्यावर फार भिस्त ठेवू नये.

व्हॅल्प्रोएटबद्दल दोन डॉक्टरांनी दोन टोकाची मतं दिली म्हणून तुम्ही गोंधळलात. खरं म्हणजे दोघांच्याही म्हणण्याला आधार आहे. जनरलाइज्ड फिटमध्ये व्हॅल्प्रोएटइतकं प्रभावी औषध दुसरं नाही. ब्रिटनमधल्या सॅनाड-2 या अभ्यासात 520 रुग्णांमध्ये त्याची लेव्हेटिरासेटामशी तुलना केली, आणि 2021 साली आलेल्या निकालात व्हॅल्प्रोएट सरस ठरलं. पण त्याचा गर्भावरचा परिणाम गंभीर आहे. गर्भारपणात घेतलेल्या औषधांची नोंद ठेवणाऱ्या युराप या आंतरराष्ट्रीय नोंदवहीनुसार व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मातांच्या सुमारे 10 टक्के बाळांत मोठं जन्मजात व्यंग आढळलं. लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासेटामच्या बाबतीत हाच आकडा 3 टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे जवळजवळ इतर मातांइतकाच. धोका डोसबरोबर चढतो: दिवसाला 650 मिलिग्रॅमपर्यंत सुमारे 6 टक्के, 1450 च्या वर 25 टक्के. याखेरीज बाळाचा बुद्ध्यांक आणि भाषा यांवर होणारा परिणाम वेगळा, आणि तो जन्मताना दिसत नाही. मुलींमध्ये वजन वाढणं, केस गळणं, पाळी अनियमित होणं, अंडाशयात गाठी होणं हेही आहेच.

‘आत्ता देऊ, लग्न ठरलं की बदलू’ असं बऱ्याच ठिकाणी सांगितलं जातं. मी याच्या विरोधात आहे. गर्भाच्या पाठीच्या कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांच्या आत मिटते. पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंत तो काळ संपत आलेला असतो. शिवाय औषध बदलायला महिने लागतात, आणि तेही नेमके साखरपुड्यानंतरच्या धावपळीत. ज्या मुलीला फिटमुक्त ठेवायला व्हॅल्प्रोएटच लागतं की नाही हेच कळलेलं नाही, तिच्या बाबतीत आधी इतर मार्ग नीट चालून पाहावेत, असं माझं मत आहे.

त्यातला पहिला मार्ग म्हणजे लॅमोट्रिजिन. मनावर ते सौम्य आहे, काहींचा मूड सुधारतोही. त्याची अट एकच, फार हळू चढवायचं. 25 मिलिग्रॅमपासून सुरुवात, दर दोन आठवड्यांनी थोडी वाढ, पूर्ण डोसला यायला दीड-दोन महिने. घाई केली तर अंगावर पुरळ येते आणि क्वचित ती स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमसारखी जीवघेणी होते. सुरुवातीच्या दोन महिन्यांत पुरळ, ताप, तोंडात किंवा डोळ्यांत जखमा असं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. व्हॅल्प्रोएट सोबत असेल तर रक्तातलं लॅमोट्रिजिन जवळपास दुप्पट होतं, म्हणून तेव्हा आणखी हळू जावं लागतं. उलट इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या ते बरंच खाली आणतात. पाळीसाठी म्हणून तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी अशी गोळी दिली तर न्यूरॉलॉजिस्टला सांगायलाच हवं. काही जणांच्या हातांचे झटके लॅमोट्रिजिनने वाढतात, हेही लक्षात असू द्या. तसं झालं तर लेव्हेटिरासेटामचा कमी डोस आणि लॅमोट्रिजिन अशी जोडी उपयोगी पडते, किंवा रात्रीची थोडी क्लोबाझाम जोडली जाते. क्लोबाझामने झोप येते आणि काहींमध्ये काही महिन्यांनी परिणाम ओसरतो. तरी आपल्याकडच्या डॉक्टरांचा तिच्यावर मोठा भरवसा आहे, आणि तो अनुभवातून आलेला आहे.

एवढं करूनही मोठ्या फिट चालूच राहिल्या तर? मग व्हॅल्प्रोएट, जमेल तेवढ्या कमी डोसमध्ये, मुलीला सगळं समजावून, तिच्या संमतीने आणि खात्रीच्या गर्भनिरोधासह. मोठ्या फिट हाही धोकाच आहे. फिट ताब्यात नसलेल्या माणसाला झोपेत अचानक मृत्यू येऊ शकतो. एपिलेप्सी असलेल्या दर हजार प्रौढांमध्ये वर्षाला साधारण एक, असं हे प्रमाण आहे, आणि झोपेत मोठ्या फिट येणाऱ्यांत ते अधिक. म्हणून ‘व्हॅल्प्रोएट नको’ याचा अर्थ ‘फिट चालतील’ असा होत नाही. निर्णय 19 वर्षांच्या मुलीचा आहे. तिला खोलीबाहेर बसवून तो घेऊ नका.

आता औषधाइतकाच जड असलेला भाग. एखादं औषध निकामी ठरवण्याआधी मी काही गोष्टी तपासतो, आणि बरेचदा उत्तर तिथेच सापडतं. जागरण हे जुवेनाइल मायोक्लोनिकचं सर्वांत मोठं निमित्त. गणपती, नवरात्रातला गरबा, कोजागरी, परीक्षेच्या रात्री, रात्रीचा बसप्रवास हे सगळं याच यादीत येतं. गणपतीनंतरच्या त्या एका फिटवरून लेव्हेटिरासेटामला दोष देता येणार नाही. त्या दिवशी रात्रीची गोळी घेतली होती का, किती वाजता घेतली, किती तास झोप झाली, हे आठवून लिहा. उपासाच्या दिवशी गोळी चालते का, असं मला दर आषाढीला विचारलं जातं. गोळी पाण्याबरोबर घ्यायचीच. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर सोबत दूध किंवा साबुदाणा घ्या. एक वेळची गोळी विसरली तर आठवल्याबरोबर घ्या, पण पुढच्या गोळीची वेळ झालेली असेल तर दोन एकदम घेऊ नका. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली आणि गोळी बाहेर पडलेली दिसली, तर ती पुन्हा घ्यावी लागते.

मेडिकलवाल्याने ‘तेच आहे, कंपनी वेगळी’ म्हणून दुसरं पाकीट दिलं, असंही होतं. जेनेरिक औषध वाईट नसतं, जनऔषधी केंद्रातलं सुद्धा घ्या. पण एकदा जमलं की शक्यतो तीच कंपनी ठेवा, विशेषतः फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि लॅमोट्रिजिनच्या बाबतीत. दुसऱ्या आजाराची औषधं हा तर वेगळाच विषय आहे. टीबीचं रिफाम्पिसिन बऱ्याच फिटच्या औषधांची रक्तातली पातळी पाडतं. मेरोपेनेम हे दवाखान्यात दिलं जाणारं अँटिबायोटिक व्हॅल्प्रोएटला एक-दोन दिवसांत जवळपास नाहीसं करतं. वेदनाशामक ट्रामाडॉल आणि सिप्रोफ्लोक्सासिनसारखी अँटिबायोटिक्स काहींमध्ये फिट ओढवून आणतात. त्यामुळे कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तरी पहिलं वाक्य ‘हिला फिटचं औषध चालू आहे’ हेच असू द्या. ‘साइड इफेक्ट नसलेल्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्या तर अजिबात घेऊ नका. अशा पुड्यांत फेनोबार्बिटोन हे फिटचंच जुनं औषध मिसळलेलं सापडलेलं आहे. पुडी बंद झाली की फिट उसळतात आणि आत काय होतं हे कोणालाच सांगता येत नाही.

निदान पक्कं करण्यासाठी तुमच्या हातात असलेलं सगळ्यात चांगलं साधन म्हणजे मोबाइल. सकाळचे हातांचे झटके आणि पुढे कधी फिट आलीच तर ती, यांचा व्हिडिओ काढा. दोघं जण असाल तर एकाने मुलीजवळ राहावं, दुसऱ्याने व्हिडिओ काढावा. अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओतून मला जे कळतं ते जाडजूड फायलीतून कळत नाही. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) शक्य असेल तर आदल्या रात्री कमी झोपवून सकाळी करतात, पण हे डॉक्टरांच्या सूचनेनेच. ईईजी नॉर्मल आला म्हणजे आजार नाही असं समजू नका. एका साध्या ईईजीत बऱ्याच रुग्णांत काही सापडत नाही.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं. ज्यांच्या फिट फोकल आहेत, त्यांच्यासाठी वरचा औषधांचा क्रम लागू नाही. सॅनाड-2 मध्ये फोकल फिटसाठी लॅमोट्रिजिन चांगलं ठरलं. आपल्या देशात मेंदूतल्या फीतकृमीच्या अंड्यांमुळे होणाऱ्या गाठीमुळेही फिट येतात. शाकाहारी माणसालाही त्या होतात, कारण अंडी अस्वच्छ पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून, हातांतून पोटात जातात. अशी एकच गाठ असेल आणि ती विरून गेली तर औषध तुलनेने लवकर थांबवता येतं. आणि फोकल फिट दोन योग्य औषधांनंतरही थांबत नसतील, तर चौथं-पाचवं औषध जोडत वर्षं घालवू नका, शस्त्रक्रियेसाठी तपासणी करून घ्या. दिल्लीच्या एम्समध्ये 116 मुलांवर झालेल्या, 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने 77 टक्के मुलं फिटमुक्त होती. फक्त औषधांवर ठेवलेल्यांत 7 टक्के.

तुमच्या मुलीला शस्त्रक्रिया लागू होत नाही. तिच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. दोन वर्षं फिट नाही म्हणून औषध बंद, हा नियम जुवेनाइल मायोक्लोनिकला सहसा लावत नाहीत. औषध थांबवलं की बहुतेकांच्या फिट परत येतात. बऱ्याच जणांना कमी डोसवर दीर्घकाळ राहावं लागतं. त्या बदल्यात शिक्षण, नोकरी, मूल हे सगळं होतं, आणि मी ते सतत पाहतो.

लग्नाचं. 1999 च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा या दोन्हींतून एपिलेप्सीचा उल्लेख काढून टाकला. फिट येतात म्हणून लग्न बेकायदेशीर ठरत नाही. तरीही सांगून लग्न करा असं मी म्हणतो, आणि त्यामागे वैद्यकीय कारण आहे. लपवलेलं असलं की सासरी गोळ्या लपवाव्या लागतात. हळदीच्या रात्रीचं जागरण, पाहुण्यांची गर्दी, पर्समध्ये राहिलेलं पाकीट, आणि पहिल्याच आठवड्यात फिट. माहीत असलेल्या घरात कोणीतरी ‘गोळी घेतलीस का’ असं विचारणारं असतं. बोलायला अवघड वाटत असेल तर मुलाकडच्यांना दवाखान्यात घेऊन या, मी स्वतः समजावून सांगतो. तुमचे डॉक्टरही सांगतील. पुण्यातल्या संवेदना फाउंडेशनसारख्या स्वमदत गटांत तिला तिच्यासारख्या मुली भेटतील. फॉलिक अ‍ॅसिड लग्नानंतर नाही, आत्तापासूनच डॉक्टरांना विचारून सुरू करा.

गाडीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण 19 वर्षांच्या मुलीला स्कूटी हवीच असते. लायसन्सच्या अर्जाबरोबरच्या आरोग्य घोषणेत फिटबद्दल थेट प्रश्न असतो, आणि तिथे खोटं लिहू नये. फिट येत असताना तिने गाडी चालवू नये. पोहायला, नदीवर एकटीने जाऊ नये. बाथरूमची कडी लावू नये. एवढं सोडून बाकी बंधनं घालू नका.

फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ पाहा. तोंडात चमचा, पाणी, काही नको. कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा यांनी फिट थांबत नाही. ती आपोआप दोन-तीन मिनिटांत थांबते, आणि त्याचं श्रेय कांद्याला मिळतं. पाच मिनिटांवर गेली, किंवा शुद्ध येण्याआधी दुसरी आली, तर नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे वापरा आणि दवाखान्यात न्या. हा स्प्रे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि डोस आधीच समजून ठेवा.

पुढच्या भेटीला जाताना हातांच्या झटक्यांचा व्हिडिओ, गेल्या तीन महिन्यांतल्या फिट, झोप, पाळी आणि चुकलेल्या गोळ्यांच्या तारखा, आणि आजवरच्या प्रत्येक औषधाचा सर्वांत मोठा डोस एका कागदावर न्या. डॉक्टरांना विचारा, ही जुवेनाइल मायोक्लोनिक असू शकते का, आणि व्हॅल्प्रोएटआधी लॅमोट्रिजिन घेऊन पाहता येईल का. औषध बदलायचं ठरलं तर जुनी गोळी कोणत्या तारखेला किती, नवी कोणत्या तारखेला किती, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. नवं औषध पुरेशा डोसला पोहोचेपर्यंत जुनं पूर्ण बंद करायचं नसतं.